ताट जाईल एवढी खिडकी

मखमलाबादच्या मळ्यातलं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा मंजुषाला कुणी काही विचारलं नव्हतं. खोल्या किती, जिना कुठून, देवघर कोणत्या दिशेला, हे सगळं तिचा नवरा रामनाथ आणि सासरे गोटीराम यांनी पडवीत बसून ठरवलं. तिनं ते चहापाणी नेता-आणताना तुकड्यातुकड्यानं ऐकलं. तिला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही. फक्त एकदा रिकामे कप उचलता उचलता ती थांबली आणि म्हणाली, "स्वयंपाकघर पडवीला लागून घ्या. आणि मधल्या भिंतीत एक खिडकी ठेवा. ताट जाईल एवढी."

रामनाथनं मान वर केली. "खिडकी काय, राहीलच की."

"तशी नाही. आतून ताट ठेवलं की बाहेरच्यानं उचलायचं, अशी."

"हॉटेलात असती तशी?" गोटीरामांनी विचारलं.

"हो मामा, तशीच."

दोघं हसले, पण नाही कुणी म्हणालं नाही.

जुन्या घरात स्वयंपाकघर सगळ्यात मागं होतं आणि माणसं सगळी पुढं. घर भाजीपाला करणारं. मेथी, कोथिंबीर, शेपू, दसऱ्याच्या आधी झेंडू. दुपारपासून पडवीत बायका जुड्या बांधायला बसायच्या, संध्याकाळी माल टेम्पोत भरून पंचवटीच्या मार्केटला जायचा. व्यापारी आला तरी पडवीत, पाहुणा आला तरी पडवीत. जेवणं तिथंच, गोटीरामांची वामकुक्षी तिथंच, लेक सृष्टीचा अभ्यासही तिथंच. या सगळ्यांचं खाणंपिणं मात्र घराच्या दुसऱ्या टोकाला शिजायचं. मधे धान्याच्या कोठ्यांची अंधारी खोली, दोन उंबरे आणि एक ठेंगणी चौकट. हातात ताट असलं की मंजुषाला त्या चौकटीखाली मान वाकवून जावं लागे. एकदा भाकरी, मग कोरड्यास, मग मीठ, मग कुणाला तरी कांदा. संध्याकाळी तिच्या पोटऱ्या लाकडासारख्या व्हायच्या. लग्न होऊन आली त्या वर्षापासून हे चालू होतं आणि आता तिची सृष्टी आठवीत होती.

खिडकी तिनं पाहिली होती नाशिक रोडला, भावाच्या फ्लॅटमध्ये. ती स्वयंपाकघरातून जेवणाच्या खोलीत उघडायची. भावजय पोळ्या लाटता लाटता भाजीची वाटी पुढं सरकवायची आणि टेबलावरची मुलं ती घ्यायची. मंजुषा तिथं दोन दिवस राहिली होती. परत आल्यावर तिला मधल्या खोलीतला अंधार जास्तच लांब वाटायला लागला.

बांधकामाचा ठेका गावातल्याच महेशनं घेतला होता. शिकलेला मुलगा, बोलायला मऊ. भिंती कमरेएवढ्या आल्या तेव्हा त्यानं मंजुषाला बोलावून घेतलं.

"काकू, नकाशात इथं पडवीत उतरायला दार आहे. तुम्ही म्हणता ती खिडकीपण याच भिंतीत. पण भिंत बघा ना केवढी. या टोकाला ओटा येतो, त्या टोकाला पिलर. यात एक तर दार बसेल, नाहीतर मोठी खिडकी. दोन्ही घेतलं तर दार पण अरुंद आणि खिडकी पण अरुंद."

"दार नसलं तर पडवीत जायचं कुठून?"

"हॉलमधून. थोडा वळसा पडेल."

मंजुषा त्या अर्ध्या भिंतीशी उभी राहिली. नव्या विटांचा ओला वास येत होता. तिनं मनातल्या मनात ओटा मांडून पाहिला, गॅस मांडला, खिडकी मांडली. सगळं खिडकीतून जाणार असेल तर दार कशाला लागेल, असा तिनं विचार केला. जाणार ते जेवण. मी कशाला जाते?

"खिडकीच ठेव," ती म्हणाली.

तिची सासू सखुबाई पलीकडं वाळूच्या ढिगाशी उभी होती. ठेंगणी बाई, बोलणं मोजकं. ती म्हणाली, "दार असावं."

"का आत्याबाई?"

"असावं."

मंजुषानं वाट पाहिली. सखुबाईंनी पदर सारखा केला आणि त्या मळ्याकडं निघून गेल्या. सासूला नवं काही आवडत नाही, आपली चूल चारचौघांना दिसेल म्हणून तिला नको असेल, असं मंजुषानं धरून घेतलं. खिडकी ठरली.

पण कसली खिडकी, हे ठरायला फार वेळ गेला. रामनाथचं म्हणणं, गज तर पाहिजेतच. मळ्यातलं घर, आजूबाजूला वस्ती नाही, भुरट्या चोऱ्या होतात, मांजरं शिरतात.

"गजांमधून ताट कसं जाईल?" मंजुषा विचारायची.

"वाट्या जातील."

"माणसं वाटीत जेवतात का?"

हे संभाषण त्यांनी इतक्या वेळा केलं की शेवटी दोघांनाही त्याचा कंटाळा आला. एका गुरुवारी रामनाथनं मोटारसायकल काढली आणि दोघं शहरात खिडक्या बघायला गेले. मंजुषानं पिशवीत घरातलं एक स्टीलचं ताट घेतलं होतं. पहिल्या दुकानात ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा होत्या. हलक्या, गुळगुळीत, बोटानं सरकणाऱ्या. रामनाथला त्या फार आवडल्या. मंजुषानं पिशवीतून ताट काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि खिडकीतून पलीकडं नेऊन पाहिलं. ताट गेलं, पण तिची कोपरं चौकटीला आपटली. सरकत्या खिडकीची एक काच कायम दुसरीच्या मागं असते, त्यामुळं ती कधीच अर्ध्याच्या वर उघडत नाही, हे तिला तेव्हा कळलं.

दुकानदार म्हणाला, "एका हातानं द्या ना मॅडम."

"भरलेलं ताट एका हातानं दिलं तर वरण सांडतं."

दुसऱ्या दुकानात वर उचलायची खिडकी होती. रामनाथ म्हणाला, हिच्यापुढं उभं राहिलं की तिकीट मागावंसं वाटतं. तिसऱ्यानं दुकानाला असतं तसं लहानसं लोखंडी शटर सुचवलं. ते वर ओढताना एवढा आवाज झाला की मंजुषानं कानावर हात ठेवले. ऊन चढलं होतं. ती दुकानाच्या पायरीवर ताट मांडीवर घेऊन बसली. आपण काय मागतोय तेच तिला क्षणभर आठवेना.

"घेऊन टाकू ना सरकती," रामनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मला आज टेम्पो भरायचाय."

"एवढं एकच मागितलंय मी."

त्यानं किक मारली. मग त्यानं गाडी पंचवटीतल्या एका सुताराकडं वळवली. सुतारानं ताट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि सांगितलं, की दोन्ही बाजूंना घडीची दारं करू, उघडली की भिंतीला चिकटून बसतील, सगळी खिडकी मोकळी. गजांचं काय, तर गजांची जाळीही दारासारखी बिजागरीवर बसवायची, दिवसा उघडायची, झोपताना कुलूप. रामनाथला ते पटलं. मंजुषाला तर हो म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं. तिनं नुसती मान हलवली.

उंची तिची तिनं ठरवली. अर्धवट स्वयंपाकघरात ती ताट घेऊन उभी राहिली, कोपरं वाकवली आणि ताट जिथं आलं तिथं विटेच्या तुकड्यानं रेघ ओढली. महेशनं त्या रेघेवर काळ्या कडाप्प्याची रुंद फरशी टाकली, आत वीतभर आणि बाहेर वीतभर. खिडकी बसली तेव्हा खरंच देखणी दिसत होती.

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. मंजुषा गॅससमोर उभी राहून भाकरी थापायची, वळायची, ताट फरशीवर ठेवायची. बाहेरून हात यायचा आणि ताट उचलायचा. संध्याकाळी पाय दुखेनासे झाले. वास्तुशांतीला आलेल्या बायकांनी खिडकीशी गर्दी केली होती. जुड्या बांधायला येणारी आक्काबाई म्हणाली, "मंजे, तू लय हुशार निघाली."

मग हळूहळू सगळ्यांनाच त्या खिडकीची सवय झाली.

गोटीरामांनी आपली खाट सरकवत सरकवत खिडकीखाली आणली. त्यांचा सोबती गेणूबाबा सकाळी यायचा तो दुपारच्या जेवणापर्यंत हलायचा नाही. पूर्वी चहा पाहिजे असला तर आत निरोप धाडावा लागे, म्हणून तो दिवसातून दोनदाच व्हायचा. आता नुसतं वर बघून "मंजुषा, घोटभर टाक गं" म्हटलं की काम भागायचं. जुड्या बांधणाऱ्या बायका पाणी मागायच्या, मग लोणच्याची फोड मागायच्या. टेम्पोवाला बाटली भरून मागायचा. सृष्टी शाळेतून आली की दप्तरासकट खिडकीला लोंबकळायची. रामनाथ मोबाइलवर बोलता बोलता बोटानं खूण करायचा, दोन चहा, कधी चार. कुणीही उद्धट नव्हतं. सगळे गोड बोलायचे. पण खिडकी उघडी होती आणि तिच्या चौकटीत मंजुषा कायम दिसत होती. जे माणूस समोर दिसतं त्याला मागणं सोपं असतं.

चहाचं पातेलं गॅसवरून उतरेनासं झालं. पाय दुखत नव्हते, आता पाठ दुखायची. गॅस, खिडकी, गॅस, खिडकी, एवढ्या चार फरश्यांवर तिचा दिवस जायचा. एकदा आक्काबाई मेथी निवडता निवडता म्हणाली, "तू दिसती रोज, पण येत नाय बाहेर."

"कशाला येऊ? सगळं इथूनच होतं."

"ते हायच," आक्काबाई म्हणाली आणि पुढची जुडी बांधायला घेतली.

त्या दिवशी भांडी घासताना मंजुषा आठवत राहिली. जुन्या घरात ताटं ठेवून झाली की ती पडवीच्या खांबाला टेकून उभी राहायची. रस्त्यानं कोण गेलं ते बघायची. आक्काबाईच्या सुनेचं, तिच्याबरोबर जुड्या बांधणाऱ्या भागीबाईच्या म्हशीचं काहीबाही ऐकायची. जरा वाऱ्यावर उभं राहायची. कुणी कप रिकामा करेपर्यंत थांबायचंच असे. ते थांबणं आता राहिलंच नव्हतं. हॉलमधून वळसा घालून, काही काम नसताना, नुसतं बाहेर जाऊन बसायचं तिच्या अंगवळणी नव्हतं. तिनं तसं कधी केलंच नव्हतं.

तिला ते कुणाला सांगताही येईना. खिडकी तिनंच मागितली होती.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात गावात चिकुनगुन्याची साथ आली. आधी आक्काबाई पडली, मग टेम्पोवाला, मग घरोघरी माणसं भिंत धरून चालायला लागली. मंजुषाला ताप आला तो सकाळी पीठ मळताना. बोटं परातीत मिटली आणि उघडेनात. रामनाथनं तिला डॉक्टरकडं नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, ताप उतरेल, सांधे मात्र बराच काळ धरून राहतील, आराम करा. आत खोलीत कोंदट होत होतं म्हणून तिची खाट मच्छरदाणी लावून पडवीत टाकली. गोटीरामांनी आपली खाट तिच्यासाठी बाजूला सरकवली.

अंगातला ताप जरा उतरल्यावर तिनं मान वळवली तेव्हा समोर खिडकी होती. बाहेरून तिनं ती इतका वेळ कधीच पाहिली नव्हती. चौकटीत आतला ट्यूबलाइट, गॅसची निळी ज्योत आणि खालच्या बाजूला एक पांढरं डोकं. एवढंच. सखुबाई आत स्वयंपाक करत होत्या. फरशी त्यांच्या गळ्याशी येत होती. चहाचा कप द्यायचा तर त्यांना टाचा उंचवाव्या लागत. कप थरथरत वर यायचा, आधी बोटं दिसायची, मग कपाळ. मंजुषानं डोळे मिटून घेतले. रेघ ओढताना तिनं फक्त आपली कोपरं बघितली होती. सासूही याच स्वयंपाकघरात वावरते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

घरात बाकी कुणाला स्वयंपाकाची सवय नव्हती. रामनाथ भात लावायचा तो कधी कच्चा, कधी चिकट. सृष्टी पोळ्या करून बघायची. बाकीचं सगळं सखुबाईंवर आलं. आणि बाहेरून मागणं काही कमी झालं नव्हतं. तिसऱ्या प्रहरी गेणूबाबा आला, गोटीरामांच्या शेजारी बसला, आणि सवयीनं वर बघून म्हणाला, "घोटभर होईल का?"

 मग सखुबाईंचे दोन हात चौकटीत दिसले. त्यांनी एका बाजूचं दार ओढलं, मग दुसऱ्या बाजूचं. आतून कडी घातल्याचा आवाज झाला.

"काय झालं हो वहिनी?" गेणूबाबानं विचारलं.

"दुपारी बंद," आतून आवाज आला. "चार वाजल्यावर ये."

 मंजुषाला वाटलं, आता मामा ओरडणार. गोटीरामांनी तोंड उघडलंही, पण मग ते नुसते खिडकीच्या फळ्यांकडं बघत राहिले. गेणूबाबानं पान काढलं, चुना लावला. जुड्या बांधणाऱ्या बायका खाली माना घालून हसत होत्या. कुणी रागावलं नाही. कुणी उठून गेलं नाही. एवढं सोपं होतं, याचं मंजुषाला इतकं आश्चर्य वाटलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कडी आतल्या बाजूला आहे हे तिला माहीत होतंच. सुताराला तिनंच तशी बसवायला सांगितली होती. ती दिवसा घालायची असते हे मात्र तिला सुचलं नव्हतं.

थोड्या वेळानं सखुबाई हॉलच्या दारातून बाहेर आल्या. हातात दोन कप होते. फक्त दोन. त्या सावकाश पायरी उतरल्या, पुरुषांच्या बाजूला न बघता मंजुषाच्या खाटेशी आल्या आणि खाली बसल्या. एक कप त्यांनी मंजुषाच्या ओठाशी धरला, कारण तिच्या बोटांत तो मावत नव्हता.

"आत्याबाई, तुमच्या पायाला त्रास होतो. कशाला वळसा घातलात? खिडकीतून दिला असता तर सृष्टीनं घेतला असता."

सखुबाई आपल्या कपातला चहा फुंकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या येळला माझी सासू लय कडक होती. बाईनं बिनकामाचं पडवीत यायचं नाय. हातात काय तरी पाह्यजे. पाण्याचा तांब्या असला, चहाची किटली असली, मग कोणी बोलत नव्हतं. मी पाणी मुद्दाम थोडं थोडं आणायची. तांब्या रिकामा झाला का पुन्हा. तेवढीच हवा लागायची अंगाला."

त्यांनी पुन्हा कप मंजुषाच्या ओठाशी नेला.

"तू खिडकी मागितली, तवा मला कळंना काय बोलावं," सखुबाई म्हणाल्या. "म्हटलं, ही पोर आपल्या हातानं आपली वाट बुजवती. पण तुला कसं सांगू? तुला म्हटलं असतं, तर तू म्हटली असती, म्हातारीला बाहेर मिरवायचं हाय."

"नसते म्हटले."

"म्हटली असती."

 खोटं बोलायला तिच्या अंगात जोर नव्हता. "मला तसं काही वाटत नव्हतं, आत्याबाई. मला नुसते पाय दुखत होते."

"ते पण खरं हाय," सखुबाई म्हणाल्या. "पाय माझे पण दुखायचे."

पलीकडं भागीबाई कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती. तो वास सगळ्या पडवीत पसरला. सखुबाई तिथंच बसून राहिल्या, पाय लांब करून, पाठ खाटेच्या पायाला टेकवून. आत दुपारची भांडी तशीच पडली होती. त्या उठल्या नाहीत.

मंजुषाला पुन्हा ओट्याशी उभं राहता येईपर्यंत नवरात्र आलं. बोटं सकाळी उघडत नव्हती, गरम पाण्यात धरावी लागत. पायऱ्या उतरताना घोटे करकरायचे. रामनाथनं या दिवसांत स्वयंपाकघर आतून पाहिलं होतं, त्याचा परिणाम म्हणा, किंवा आईनं त्याला काही सांगितलं असेल, एका सकाळी तो महेशला घेऊन आला. दोघं भिंतीशी उभे राहून हातानं मापं घेत होते.

"खिडकी काढून इथं दार करू," रामनाथ म्हणाला. "आई म्हणत होती तसं."

महेशनं सांगितलं, होईल, पण ओटा थोडा तोडावा लागेल, फरशी काढावी लागेल, धूळ होईल. मंजुषानं नवी भिंत बघितली, कडाप्पा बघितला. सुताराचं काम अजून तसंच तकतकीत होतं. तिला विटांचा तो ओला वास आठवला. मिस्त्री, वाळू, सगळ्या भांड्यांवर सिमेंट. 

"नको," ती म्हणाली. "आता पुन्हा ते नको. मी जाईन वळसा घालून."

"मग नंतर म्हणशील."

"नाही म्हणणार. खाली एक फळी तेवढी करून द्या. आत्याबाईंना उभं राहायला."

महेशनं जाड फळीचा एक बसका पाट करून दिला. सखुबाई त्यावर उभ्या राहिल्या की त्यांचा सगळा चेहरा खिडकीत दिसायचा.

बाकी फार काही बदललं नाही. पाण्याचा माठ बाहेर पडवीत गेला, त्यामुळं पाण्याची हाक बंद झाली. दुपारची भांडी झाली की खिडकी लागायची, कधी मंजुषा लावायची, कधी सखुबाई. गोटीरामांनी दोन-चार दिवस कुरकुर केली. गेणूबाबा चारनंतर यायला लागला. मंजुषा हॉलमधून बाहेर यायची आणि खांबाशी बसायची. पहिल्या काही दिवसांत तिला हातांचं काय करावं ते कळेना. रिकाम्या हातांनी तिथं बसलं की कुणी तरी विचारेल असं वाटायचं. मग तिनं मेथीचा ढीग पुढ्यात ओढला आणि जुड्या बांधायला लागली. सुजलेल्या बोटांनी तिची एक जुडी होईपर्यंत आक्काबाईच्या तीन व्हायच्या. पण आक्काबाई स्वतःही अजून लंगडत होती, त्यामुळं कुणी कुणाला काही बोलत नव्हतं.

दिवाळीत भाऊबीजेला रामनाथची बहीण कुसाबाई सटाण्याहून आली. तिच्याकडंही घर बांधायला काढलं होतं. ती आल्या आल्या खिडकीपुढं जाऊन उभी राहिली, दारं उघडून मिटून बघितली, फरशीवरून हात फिरवला.

"वहिनी, हाई खिडकी लय भारी शे," सासरच्या बोलीत ती म्हणाली. "मला पण अशीच पाहिजे. सांग ना, कशी घ्यायची?"

मंजुषा तेव्हा करंज्या तळत होती. तिनं गॅस बारीक केला. "सरकती घेऊ नका ताई, अर्धीच उघडते. दोन्ही हात गेले पाहिजेत. उंची घेताना घरातल्या सगळ्या बायकांना उभं करा, एकटीची घेऊ नका." तिनं झाऱ्यानं करंज्या उलटल्या. पुढचं कसं सांगावं ते तिला नीट कळेना. "आणि भिंत मोठी घ्या. दार सोडू नका."

"खिडकी असल्यावर दार कशाला?"

मंजुषानं सखुबाईंकडं पाहिलं. सखुबाई पाटावर उभ्या राहून ताटात करंज्या मांडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"असू द्या," मंजुषा म्हणाली. "लागतं."

कुसाबाईला ते पटलं की नाही कळलं नाही. तिनं सृष्टीकडून वहीचा कागद घेऊन खिडकीची मापं लिहून नेली.

चैत्रात तिचा फोन आला. घर झालं होतं, वास्तुशांतीची तारीख सांगायची होती. बोलता बोलता ती म्हणाली, शेवटी खिडकी सरकत्या काचेचीच बसवली, मुलाला तीच आवडली, आणि दिसायला खरंच छान दिसते. मंजुषा बरं म्हणाली. मग पाहुण्यांचं, साड्यांचं, कांद्याचं बोलणं निघालं. रामनाथनं फोन मागून घेतला. दाराचं काय केलं ते विचारायचं राहूनच गेलं.

ती पडवीत आली. ऊन उतरलं होतं. सखुबाई खांबाला टेकून मटारच्या शेंगा सोलत होत्या. मंजुषा त्यांच्या शेजारी बसली, घोटा चोळला आणि सुपातल्या थोड्या शेंगा आपल्या ओच्यात ओढून घेतल्या.